पत्ता चुकलेला दिवा

मी एक भिंगाचा दिवा. हवी तशी वळणारी लोखंडी मान, मानेच्या टोकाला बशीएवढं गोल भिंग, आणि भिंगाच्या कडेने बारीक दिव्यांची माळ. नजर मंदावली पण काम बारीकच राहिलं, अशा माणसांसाठी मला घडवलं. माझ्यातून माणसाला वस्तू मोठी दिसते. मला मात्र खालून त्याचा डोळा मोठा दिसतो. त्यामुळे माणसांबद्दल मला जरा जास्तच कळतं, पण बोलायची सोय नाही. आज बोलून घेतो.

कारखान्यातल्या शेवटच्या टेबलावरच्या बाईने माझ्या काचेवर तोंडाची वाफ सोडली, मऊ फडक्याने पुसलं आणि म्हणाली, "जा बाबा, कुणाच्या तरी उपयोगी पड." मग खोक्यात अंधार. किती दिवस गेले, किती गाड्या बदलल्या, देव जाणे.

खोकं उघडलं ते एका म्हाताऱ्या जोडप्याच्या घरी. नवरा घड्याळजी. चाळीस वर्षं त्याने मनगटी घड्याळं दुरुस्त केली होती. दोन वर्षांपूर्वी डोळ्यांनी दगा दिला, तेव्हा दुकान बंद करून घरी बसला. हात अजून ठणठणीत, पण त्या हातांना काम नाही. खिडकीशी बसून पेपर चाळायचा. पेपर उलटा धरला असता तरी त्याला फरक पडला नसता.

बायको पार्सलवाल्याकडून मला घेऊन आली होती. हात कणकेचे, चष्मा आत, त्याने दाखवलं तिथे तिने सही ठोकली. दुसऱ्या गावी राहणारी त्यांची लेक न सांगता काहीबाही पाठवायची. कधी गोळ्यांची डबी, कधी पाय शेकायची पिशवी.

"लेकीनंच पाठवलंय हो," बायको म्हणाली. "बघा तरी, काय आहे ते."

घड्याळजीने मला टेबलाला लावलं, बटण दाबलं आणि पहिल्यांदा स्वतःचा तळहात माझ्याखाली धरला. बराच वेळ धरला. मग उठला आणि कपाटाच्या तळातून हत्यारांची पेटी काढली. चिमटे, सुईसारखे पेचकस, सगळं जुन्या रुमालात बांधलेलं. त्या दुपारी त्याने बायकोचंच एक बंद पडलेलं घड्याळ उघडलं. संध्याकाळी ते चालायला लागलं, तेव्हा त्याने ते तिच्या कानाला लावलं.

"ऐकू येतंय?"

"न यायला काय झालं? डोळे गेलेत ते तुमचे, कान नाही गेले माझे," ती म्हणाली आणि तोंड फिरवून स्वयंपाकघरात गेली. तिचा पदर डोळ्यांशी गेलेला मी पाहिला.

दुसऱ्या दिवशी लेकीचा फोन आला. घड्याळजी अंघोळीला गेला होता. बायकोने आभार मानले, तर पलीकडून लेक म्हणाली, "अगं आई, कसला दिवा? मी नाही काही पाठवलं."

फोन ठेवून बायकोने खोक्यावरचं पत्त्याचं लेबल काढलं, चष्मा लावून वाचलं. सतरा नंबर बरोबर होता. गल्ली मात्र मागची होती, आणि नाव भलत्याच बाईचं. तिने लेबलाची घडी केली आणि डाळीच्या डब्याखाली सरकवली.

आता ही बाई कशी, ते सांगितलं पाहिजे. शेजारून वाटी आली तर रिकामी पाठवणार नाही आणि दुसरा दिवस उजाडू देणार नाही. भाजीवाल्याने चुकून दोन लिंबं जास्त टाकली तर उन्हातून परत जाणारी. तीच बाई आता मूग गिळून बसली. कारण न्हाणीघरात घड्याळजी शीळ घालत होता.

त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले फार सुखाचे. शेजारीपाजारी कळलं, कुणी ना कुणी घड्याळ घेऊन येऊ लागलं. घड्याळजी जेवायला हाक मारली तरी "आलो आलो" म्हणत अर्धा तास यायचा नाही. बायको रागवायची, पण तो राग तोंडापुरता. फक्त दारावरची घंटा वाजली की ती दचकायची. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं. आणि घड्याळजीही अधूनमधून हातातलं काम थांबवून माझ्या मानेवरून बोट फिरवायचा, माझ्याकडे बघत राहायचा. मला तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही.

सहाव्या दिवशी खिडकीची फळी पुसताना बायकोच्या बोटात कुसळ गेलं.

"आण इकडे," घड्याळजी म्हणाला. समोर एक घड्याळ उघडं होतं, ते त्याने बाजूला केलं. तिचं बोट माझ्याखाली धरलं, चिमटा घेतला. हात जराही हलला नाही. कुसळ एका झटक्यात बाहेर. मी वर पाहिलं तर बायकोच्या डोळ्यांत पाणी.

"दुखलं?"

"नाही."

"मग?"

ती उठली, डाळीच्या डब्याखालचं लेबल घेऊन आली आणि माझ्याखाली ठेवलं. घड्याळजीने वाचायचे कष्टच घेतले नाहीत.

"मला माहीत आहे," तो म्हणाला. "परवा तू बाजारात गेलीस तेव्हा लेकीला फोन केला होता. आभार मानायला. ती म्हणाली, आईला सांगितलंय मी."

"आणि बोलला नाहीत?"

"म्हटलं, तू बोलशील." मग तो खरं ते बोलला. "आणि नाही बोललीस तर बरंच, असंही वाटलं. आयत्या बिळावर नागोबा झालो मी."

बाजूला केलेलं घड्याळ त्याने पुन्हा माझ्याखाली ओढलं. म्हणाला, "एवढं घड्याळ पुरं करतो. उद्या देऊन येऊ."

"आत्ताच. उद्याचं परवा होतं, मला कळलंय आता ते."

त्याने उघड्या घड्याळाचे सुटे भाग बशीत मांडले, वर काचेचा पेला पालथा घातला. मग माझी काच रुमालाने पुसली आणि मला खोक्यात घातलं.

मागच्या गल्लीतल्या सतरा नंबरात रफूवाली राहत होती. कपड्याला पडलेलं भोक असं विणून भरायची, की कुठे होतं ते मालकालाही सापडू नये. दार उघडलं तेव्हा तिच्या हातात एक शाल होती आणि डोळे लाल झाले होते. खिडकीच्या काचेला कापड लावून ती उजेडात टाके शोधत होती. टेबलाचा एक कोपरा तिने माझ्यासाठी मोकळा करून ठेवला होता.

बायकोने सगळं सांगितलं. सही, फोन, डाळीचा डबा, काही लपवलं नाही. घड्याळजी मध्ये बोलायला गेला, तर त्याला हाताने थांबवलं.

"सहा दिवस!" रफूवाली म्हणाली. "काकू, मी त्या दुकानवाल्यांना रोज फोन करतेय. ते म्हणतात, माल पोचलाय, सही आहे. म्हणजे खोटारडी मीच! आणि परवा एक कोट परत केला मी. बारीक विणीचा होता, दिसेचना. माझ्या हातून काम परत गेलेलं नाही हो कधी."

घड्याळजीने खाली मान घातली. बायकोने विचारलं, "कोट कुणाचा?"

"पुढच्या चौकात राहतात, व्हायोलिन वाजवतात ते."

बायको तशीच जिना उतरून गेली. इकडे रफूवालीने मला बाहेर काढलं, बटण दाबलं, शाल माझ्याखाली सरकवली. तिचा लाल डोळा माझ्यावर आला आणि हळूहळू निवळत गेला. तीन टाके घातले तिने. मग वर न बघताच विचारलं, "काका, तुमचं काही काम अर्धवट राहिलंय का?"

"एक घड्याळ उघडं आहे."

"उद्या इथे घेऊन या. दुपारी मी झोपते."

तेवढ्यात बायको धापा टाकत परत आली. खांद्यावर कोट.

"सांगितलं त्यांना, चूक माझी आहे. म्हणाले, रविवारच्या कार्यक्रमाला घालायचा आहे. होईल ना गं?"

रफूवालीने बाहीचं भोक माझ्याखाली धरलं आणि पहिल्यांदा हसली. "होईल की. बसा, चहा टाकते. पण काकू, यापुढे चष्मा लावल्याशिवाय सही करायची नाही."

घड्याळजीने आपलं घड्याळ दोन दुपारी माझ्याखाली बसून पुरं केलं. तिसऱ्या आठवड्यात लेकीने खरोखरच एक दिवा पाठवला. तो माझ्याहून मोठा आहे म्हणे. असो बापडा.

मी आता रफूवालीच्या टेबलावर आहे, जिथे असायला हवा होतो तिथेच. दिवसाला कितीतरी भोकं भरताना बघतो. काकू अधूनमधून येते, दोघींच्या गप्पा रंगतात, मी मान वाकवून ऐकतो. माझं बरं चाललंय.

तुम्हाला सांगायचं ते एवढंच. चुकून आलेलं खोकं उघडलं गेलं, आतली वस्तू आवडली, सोडवेनाशी झाली, तर स्वतःला फार बोल लावू नका. आवडण्यात गुन्हा नाही. पण कुणीतरी कुठेतरी डोळे ताणून बसलेलं असतं, म्हणून जमेल तितक्या लवकर पायात चपला अडकवा. आणि दारात गेल्यावर सगळं सांगा, अर्धं नको.

बरं, रफूवालीने सुई ओवली. मला आता हलून चालायचं नाही.