जिथे बसलो, तिथेच राहिलो

आधी हसून घ्या. सगळेच हसतात. झालं? मग ऐका, मी उंट बोलतोय. पोटात सायकलच्या ब्रेकच्या केबली, अंगावर गोणपाट, लांबून पाहिलं तर थेट बैल, पण आहे उंटच.

तसंही मराठी माणसानं उंटाबद्दल कधी चांगला शब्द काढला नाही. कुणी अकलेचे तारे तोडले की तो उंटावरचा शहाणा. कुणी बसल्या जागेवरून हुकूम सोडले की तो उंटावरून शेळ्या हाकतो. अहो, हाकणारा वर बसलेला, त्यात उंटाचा काय गुन्हा? जाऊ दे. माझ्या जन्माकडे वळतो.

शहाण्णव साली बेंगळूरच्या पीण्या नावाच्या कारखान्यांच्या वस्तीत, प्रतापरावांच्या लेथच्या कारखान्यात मी जन्मलो. 'आमचं घराणं शहाजीराजांच्या वेळेपासून इथलं,' हे प्रतापराव चहावाल्यालाही ऐकवायचे. त्यांची सून रक्षिता जवळच्या एका हायस्कुलात इतिहास शिकवायची, पण तात्पुरती. तिचा पाठ बघायला तपासनीस येणार होते. पाठ पसंत पडला तर नोकरी कायम, नाही तर शाळा दुसरी बाई शोधणार. विषय होता, इस्लामचा उदय आणि प्रसार.

विषय तिला तोंडपाठ होता हो! पण पोर इतकी भिडस्त, की वडीलधारं माणूस समोर आलं की हिचा आवाज घशातच अडकायचा. मोठ्यांना उलट बोलणं सोडा, 'भाजीत मीठ कमी आहे' हेसुद्धा तिनं सासरी कधी म्हटलं नव्हतं.

"मामंजी, मुलांना दाखवायला एखादा उंट असता तर..." ती एकदा दाराआडून पुटपुटली.

"असता तर काय? आपण करू की! स्वल्प वेल्डिंग, चार पाइप, काम फत्ते!"

आता प्रतापरावांनी उंट पाहिला होता लांबून. नंदीबैल मात्र लहानपणापासून दारात पाहिलेला. मालक गुबुगुबु वाजवत विचारतो, 'पाऊस पडेल का? लेकीचं लग्न जमेल का?' आणि बैल आपला होय होय करत मान डोलावतो. त्यांच्या मनात जनावर म्हणजे तेच. म्हणून त्यांनी मला स्प्रिंगची मान बसवली. शेपटीजवळची केबल ओढली की मी 'होय' म्हणणार. 'नाही' म्हणायची सोयच ठेवली नाही. पाय म्हणजे चार सरळ पाइप, पक्के वेल्ड केलेले.

माझी झूल शिवायला शेजारच्या नूरुन्निसाबी आल्या. त्यांनी माझ्याभोवती एक फेरी मारली आणि कमरेवर हात ठेवले.

"क्या अण्णा, इसके घुटने किदर हैं?"

"घुटने कशाला? भक्कम आहे बघा, हत्ती बसला तरी वाकणार नाही."

"वोइच तो मुश्किल है ना! मदीने का किस्सा सुनाना है तो ऊँट बैठना पड़ता."

मग टेप गळ्यात अडकवून त्यांनी किस्सा सांगितला. पैगंबर मक्का सोडून मदिनेला आले, तेव्हा घराघरातून आग्रह, पाहुणे आमच्याकडेच उतरले पाहिजेत. आता कुणाचं मन मोडायचं? ते म्हणाले, उंटिणीची वाट सोडा, तिला वरून आज्ञा आहे. उंटीण चालत गेली, एका जागी बसली आणि तिथंच मशीद उभी राहिली.

मी तर ऐकतच राहिलो. आपल्या जातीत कुणी एवढं मोठं काम केलंय, आणि लोक आपल्याला शेळ्या हाकण्यावरून ओळखतात! प्रतापरावांनी मुकाट्यानं माझे पाय कापले, गुडघ्यांना बिजागऱ्या घातल्या आणि दुसरी केबल जोडली. ती ओढली की मी बसणार.

पाठाच्या दिवशी मला टेंपोतून नेलं. वाटेत एका वळणावर गाडी थांबली, तर दोन बायकांनी मला बसवण्णा, म्हणजे तिकडचा नंदी, समजून नमस्कार केला, कपाळाला कुंकू लावलं आणि तोंडात केळं कोंबलं. अशा थाटात मी वर्गात दाखल झालो.

तपासनीस भीमाचार्य पहिल्याच बाकाशेजारी खुर्ची टाकून बसले होते. चेहरा असा, की दूध नासावं. प्रतापराव माझ्या झुलीमागे उकिडवे बसले. रक्षितानं त्यांना बजावलं होतं, 'मामंजी, मी सांगेन तेव्हाच ओढायचं हं.'

वर्ग चालला होता कन्नडात, तुमच्यासाठी मराठीत सांगतो. रक्षितानं सुरुवात केली, "मक्का हे... व्यापाराचं... म्हणजे तांडे..." तेवढ्यात तिची नजर भीमाचार्यांवर गेली आणि संपलं. माझ्या पाइपात धडधड व्हायला लागली. अगं बोल ना बाई!

शांतता बघून मुलांनीच मला विचारलं, "उंटा, उंटा, तू मक्केहून आलास?"

मी मान डोलावली. वर्ग खदखदला. झुलीमागे प्रतापरावांना कोण चेव चढला! आपली स्प्रिंग काय झकास चालतेय!

"वाळवंटात तुला बिसी बेळे भात मिळायचा?" होय. "तू बसमध्ये चढतोस?" होय, होय. शेवटी मागच्या बाकावरून एक आवाज आला, "मग तिथले मुसलमान तुझी पूजा करायचे?"

माझ्या कपाळावर कुंकू, तोंडात केळं, आणि मी मान डोलावली! एकदा नाही, तीनदा.

भीमाचार्यांची भुवई वर गेली. आता मेलो, म्हटलं. पोरीची नोकरी माझ्या मानेपायी गेली.

"गप्प बसा!"

भिंती हादरल्या. आवाज रक्षिताचा होता. "एकदम गप्प! काही माहीत नसताना कशाला माना डोलावता? सांगितलं होतं ना, मी म्हणेपर्यंत हात लावायचा नाही?"

उंटाला कुणी अहो-जाहो करतं का? वर्गाला काही कळेना. झुलीमागे मात्र प्रतापरावांचा घाम माझ्या पायावर टपकला.

आणि मग ती सुटली हो सुटली! माझ्या कपाळावरचं कुंकू पदरानं पुसत म्हणाली, "पूजा उंटाची नाही, मूर्तीची नाही, माणसाचीही नाही. ईश्वर एकच, ही पहिली गोष्ट. मुहम्मद त्याचे प्रेषित, पण त्यांचीही पूजा नाही. म्हणून माझ्या फळ्यावर त्यांचं चित्र दिसणार नाही." दिवसातून पाच वेळा नमाज, रमजानचे रोजे, गरिबांसाठी जकात, जमेल त्याला हज, सगळं तिनं झरझर सांगितलं. मक्केतल्या बड्या व्यापाऱ्यांना ही शिकवण का खुपली, तेही सांगितलं. मक्का सोडली ते साल सहाशे बावीस, हिजरी सन तिथूनच मोजतात. पुढच्या शंभर वर्षांत इकडे सिंध, तिकडे स्पेन. कुठे फौजा गेल्या, कुठे व्यापारी. पुढे बगदादेत ग्रीकांची आणि आपल्याकडची पुस्तकं अरबीत आली. भीमाचार्य समोर आहेत, हे ती साफ विसरली होती.

"आणि मदिनेत," ती म्हणाली, "कुठे उतरायचं, हे उंटिणीवर सोडलं. ती बसली..."

प्रतापरावांनी घाबऱ्या घाबऱ्या दुसरी केबल खेचली. माझे पुढचे गुडघे वाकले, मागचे वाकले आणि मी धाडकन बसलो. तोंडातलं केळं उडून भीमाचार्यांच्या मांडीवर पडलं. माझ्यामागे उकिडवे बसलेले प्रतापराव मिशांसकट उघडे पडले.

"नमस्कार," ते म्हणाले. "मी सासरा."

भीमाचार्यांनी केळ्याकडे पाहिलं, मग मुलांकडे. "काय रे, ते लोक उंटाची पूजा करायचे?"

"इल्ला सार! नाही!" अख्खा वर्ग ओरडला. "ईश्वर एकच!"

"आणि मशीद कुठे बांधली?"

"उंटीण बसली तिथं!"

तो नासका चेहरा हळूहळू फाकला आणि भीमाचार्य पोट धरून हसले. तास संपल्यावर मला उठवायला चौघं लागले, पण बिजागरी अशी अडकली की मी तसूभर हलेना. प्रतापराव पान्हा घेऊन पुढे आले, तर भीमाचार्यांनी हात वर केला.

"राहू द्या. बसलाय तिथंच राहू द्या. आणि बाईंनाही."

अशी आम्हा दोघांची नोकरी एकाच दिवशी कायम झाली. मी अजून त्याच वर्गात, त्याच कोपऱ्यात आहे. गोणपाट विरलंय, पोरं पाठीवर दप्तरं टांगतात. घरी रक्षिताबाई आता बिनधास्त सांगतात, 'मामंजी, भाजीत मीठ कमी आहे,' आणि प्रतापराव मुकाट्यानं मान डोलावतात.

एकच विनंती आहे. या वर्गात आलात तर मला काही विचारू नका. केबल अजून शाबूत आहे, मी होयच म्हणेन. बाईंना विचारा.