अश्दोदचा भिडू

"पपा, माउस फिरवत बसू नका. एकदाच डावं बटण दाबा."

"दाबलं. काही होत नाही. हाईम तिकडे ताटकळलाय गो!"

"पडद्यावर काय दिसतंय?"

"गोल गोल फिरतंय. तुझा फोन यायच्या आधी सगळं नीट होतं."

आणि ते खरंच होतं. पनवेलच्या घरात नेट टेलिफोनच्याच तारेवरून यायचं, आणि मी खारघरहून मदतीला फोन केला की घंटी वाजताच ते बंद पडायचं. हे आम्हा बापलेकीच्या ध्यानात यायला महिना लागला. मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते, हे इथे सांगायलाही लाज वाटते.

मग मी डोंगल आणलं. त्याला रेंज मिळायची ती फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी, म्हणून कॉम्प्युटरचं टेबल गॅसच्या शेजारी गेलं. वीज गेली की माझा जुना लॅपटॉप, त्याची बॅटरी संपली की माझा मोबाइल. मोबाइलच्या एवढ्याशा पडद्यावर पपांना इस्पिक आणि किलवर सारखेच दिसत. ते हुकूम समजून भलतंच पान टाकायचे आणि अश्दोदहून इंग्रजी अक्षरांत अस्सल मराठी शिवी यायची. पपा ती मला मोठ्यानं वाचून दाखवायचे.

पपा म्हणजे इसाजी आपटेकर. रसायनीच्या एका कारखान्यात नकाशे गिरवण्यात त्यांची नोकरी सरली. हाईम चेऊलकर त्याच कारखान्यात होते. रोज जेवणाच्या सुट्टीत क्लबच्या टेबलावर दोघं समोरासमोर बसायचे, कारण ब्रिजमध्ये भिडू समोर बसतो. आधी बोली लावायची, आपण किती हात करणार ते. भिडूच्या हातात काय आहे ते त्याच्या बोलीवरून ओळखायचं. "बायकोपेक्षा मला हाईम जास्त कळतो," असं पपा आईच्या देखत म्हणायचे आणि आई त्यांना त्या दिवशी भाकरी करपलेली वाढायची.

पुढे आमची ज्यू माणसं एकेक करून इस्राएलला गेली. हाईम अंकल आणि त्यांची बायको रिवका आंटीही तिकडे अश्दोदला गेले. आई वारली. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात आणि ब्रिजला चार माणसं, पपांना पनवेलमध्ये दोन्ही जमेनात. हाईम अंकलचे कान गेल्यापासून फोनवर बोलणंही संपलं. राहिला तो कॉम्प्युटरवरचा ब्रिजचा पट. विरुद्ध बाजूला जगातले कोणीही दोघं, आणि समोर हाईम. शुक्रवार-शनिवार सोडून रोज संध्याकाळी पाचला. त्या वेळी पपा इस्त्रीचा शर्ट घालून बसायचे. कोण बघतंय, असं मी एकदा म्हटलं, तर म्हणाले, "क्लबात काय बनियनवर जायचं?"

२०१२च्या मे महिन्यातला एक शनिवार. दर शनिवारी मी पनवेलला यायचे आणि आठवड्याची सगळी दुखणी दुरुस्त करून द्यायचे. शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या संध्याकाळपासून शनिवारी तारे दिसेपर्यंतच्या विसाव्याच्या दिवशी, पपा विजेचं बटण दाबत नाहीत, मी दाबते. आमच्यात तेवढी तडजोड झाली होती. अंधार पडला, पपांनी बाहेर जाऊन आभाळात तारे बघितले, शब्बाथ सुटल्याची प्रार्थना म्हटली. मी तोवर डोंगल पुन्हा खिडकीच्या गजाला बांधून पट उघडला होता.

"वा! चाललं," मी म्हणाले. "आणि पपा, हाईम अंकल आधीच येऊन बसलेत. एकटेच कॉम्प्युटरशी खेळतायत."

पपा दारातच थांबले.

"किती वाजले?"

"साडेसात होऊन गेले."

"म्हणजे तिकडे जेमतेम पाच. ऊन असेल अजून. शब्बाथ कुठे सुटलाय?"

मग माझ्याही डोक्यात उजेड पडला. इथे असताना शनिवारी सिनेगॉगच्या भिंतीआड सिगारेट ओढणारे हाईम अंकल तिकडे जाऊन कडक झाले होते. शनिवारी दिव्याला हात लावत नसत. त्यावरून पपा त्यांची पुष्कळ टिंगल करायचे.

पपा येऊन खुर्चीवर बसले. पडद्यावर हाईमच्या नावानं पानं पडत होती. एक पान पडलं, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरं.

"महिनाभर बोलीला उशीर लावतोय," पपा हळू म्हणाले. "शिवी देत नाही. नुसतं थँक्यू म्हणतो. मला वाटलं, म्हातारा झाला. फोन लाव."

"आज ते फोन उचलत नाहीत, पपा."

"पटावर बसलेलं माणूस फोन उचलेल."

रिवका आंटींनी लगेच उचलला. माझा आवाज ऐकताच त्या रडायला लागल्या. पेसाहच्या सणानंतरच्या आठवड्यात हाईम अंकल गेले होते. त्यांचा हात थरथरायचा म्हणून शेवटचे काही महिने त्याच शेजारी बसून माउस हलवायच्या. अंकल पान सांगायचे, त्या टाकायच्या. त्यातून शिकल्या तेवढाच खेळ आंटींना येत होता.

"जाताना म्हणाले, इसाजीला सांगू नको. तिथे त्याच्याजवळ कोणी नाही, तो एकटा कसा सोसेल?" आंटी म्हणाल्या. "मग मीच बसते रोज. शनिवारी सराव करते, पाप लागलं तर लागो. लीया, त्यांना कळलं तर नाही ना गं?"

मी पपांकडे बघितलं. ते फोनला कान लावून उभे होते. त्यांनी मान हलवली. नाही म्हण.

"नाही आंटी," मी म्हणाले. "त्यांना काही कळलं नाही. मी सहज फोन केला होता."

फोन ठेवल्यावर पपांनी चहाचं आधण ठेवलं आणि गॅस पेटवायचा विसरले. तो मी पेटवला. मला रडू येत होतं, हाईम अंकलसाठी थोडं आणि पपांसाठी फार.

"सुतकाचे सात दिवस तिच्या घरी जाऊन बसायला हवं होतं," ते म्हणाले. "जमिनीवर, भिंतीला टेकून. निदान इथे तरी बसलो असतो. मला कोणी सांगितलंच नाही."

"मग आता सांगा ना त्यांना, की कळलंय. दोघं मिळून रडा तरी."

"कळलं म्हटलं की ती उठेल पटावरून. माझ्यासाठीच बसलीय ना ती? मग ती कुठे जाऊन बसेल? आणि मी कुठे?"

रविवारी मी खारघरला गेले नाही. पाचला पपांनी इस्त्रीचा शर्ट घातला. वीज होती, रेंज होती, विरुद्ध बाजूला पोलंडचे कोणी दोघं होते. पपांनी एक बदाम अशी बोली लावली. हाईमच्या नावानं उलट बोली आली, चार इस्पिक, म्हणजे इस्पिक हुकूम करून दहा हात. पपांनी आपली पानं बघितली. एवढे हात होण्यासारखे नव्हतेच, मलासुद्धा ते दिसत होतं. पपा पास म्हणाले आणि त्यांची पानं पटावर उघडी पडली. आता डाव एकट्या भिडूनं खेळायचा, समोरच्यानं बघत राहायचं. आंटींनी हुकूम काढायला उशीर केला. डाव चार हातांनी बुडाला. पोलंडच्या दोघांनी कसली तरी खूण टाकली आणि निघून गेले.

पपांनी एका बोटानं अक्षरं शोधत लिहिलं, 'माझं चुकलं, हाईम. मी आधी जास्त बोली दिली.'

मग आलं, 'नाही. माझं चुकलं.'

'चुकू दे,' पपांनी लिहिलं. 'उद्या पण बस.'

'बसते.' मग घाईघाईनं दुरुस्ती आली, 'बसतो.'

पपांनी ते वाचलं आणि माझ्याकडे न बघता चष्मा काढून पुसला. पटावर डाव्या-उजव्या दोन्ही जागा रिकाम्या होत्या. दोघांत ब्रिज होत नाही. तरी पपांनी पट बंद केला नाही, आणि तिकडूनही कोणी उठलं नाही.