सगळ्यांचा एकच पासवर्ड

मी पासवर्ड बोलतोय. कुठला, ते मात्र विचारू नका. जन्मभर गुपचूप राहायची सवय, ती मेल्यावरही सुटत नाही. पण माझी हकीकत सांगतो. तिला काही कुलूप नाही.

कॉलेजच्या वाचनालयात पूर्वी जर्नलं टपालानं यायची. जर्नलं म्हणजे शोध लावणारी माणसं आपले शोध ज्यात छापतात ती मासिकं. मग एक कंपनी आली नि म्हणाली, कागद कशाला, आम्ही सगळं कंप्युटरवरच देतो. मांडण्या रिकाम्या झाल्या. कॉलेजातले कंप्युटर कंपनीच्या ओळखीचे, त्यांना दार आपोआप उघडायचं. पण घरी बसून वाचायचं तर दारावर कुणीतरी ओळख पटवणारा हवा. त्यासाठी ग्रंथपाल बाईंनी मला जन्म दिला.

कंपनीनं खरं तर बजावलं होतं, ज्याचा त्याला वेगळा पासवर्ड द्या. बाईंनी दिलेही. पण प्राध्यापक मंडळी कसली! रानातल्या झाडाझुडपांची नावं तोंडपाठ, नि स्वतःचा पासवर्ड दर सोमवारी विसरायचे. "बाई, दार उघडत नाही हो!" दिवसभर फोन. शेवटी बाई वैतागल्या. "जाऊ दे मेलं, सगळ्यांना एकच!" झालं. एकट्या सुनेनं अख्ख्या घराचं करावं, तसा मी जुंपला गेलो.

माझं बिऱ्हाड म्हणजे माणसाचं डोकं. ज्याला मी पाठ, त्याच्याकडे माझा मुक्काम. एका वेळी किती घरी राहायचो म्हणून सांगू! एका सरांनी मला चिकटपट्टीनं कंप्युटरच्या कपाळावरच लावलं होतं. एक मॅडम मला व्हरांड्याच्या या टोकावरून त्या टोकाला ओरडून सांगायच्या, नि वर म्हणायच्या, "कुणाला सांगू नकोस हं!"

दर सत्राला मला बदलायचं, असा नियम होता. बाई आज करू, उद्या करू म्हणायच्या. बदललं की पुन्हा फोन सुरू. त्यांच्या चालढकलीवर मी जगलो.

आणि त्याच चालढकलीवर ताईचंही चालून गेलं.

ताई याच कॉलेजात मधमाश्यांच्या रोगांवर प्रबंध लिहीत होती. अर्ध्यावर आली नि वडिलांना झटका आला. डावं अंग गेलं. आई आधीच गेलेली, भाऊ लांबच्या शहरात नोकरीला. तिनं कॉलेज सोडलं नि घरी बसली. हजेरीतून तिचं नाव निघालं. मला कुणी सांगितलंच नाही, म्हणून तिनं हाक मारली की मी दार उघडून द्यायचो.

तिचे सर म्हणाले होते, "पुरं करून आण, तुझं नाव पुन्हा घालून घेऊ. पण याच सत्रात हं. पुढच्या सत्रात मी निवृत्त." एकच प्रकरण राहिलं होतं. हत्ती गेला होता, शेपूट तेवढं अडकलं होतं.

वडील घड्याळं दुरुस्त करणारे. जन्म टिकटिक ऐकण्यात गेलेला. आता खोलीतली शांतता त्यांना सोसायची नाही.

"मोठ्यानं वाच," ते अडखळत म्हणायचे.

"तुम्हाला काय कळणार आहे यातलं, बाबा?"

"तुझा आवाज कळतो. पुष्कळ झालं."

मग ताई माश्यांची दुखणी मोठ्यानं वाचायची. बाबा मध्येच विचारायचे, "राणीमाशी गेली का?"

"नाही अजून."

"मग थांबलीस का? वाच."

एकदा भाऊ रजा काढून आला. बघतो तर काय, बहीण एक लेख उघडते, तोच बाबांची हाक. त्यांना कुशीवर वळवून, चादर बदलून परत येईतो दार आपलंआपण मिटलेलं. पुन्हा मी, पुन्हा तोच लेख.

"असं किती दिवस चालायचं?" भाऊ म्हणाला.

"चालेल तितके."

"वेडीच आहेस. सगळं एकदाच उतरवून ठेवतो. मग कुणाच्या दारात जायला नको, वाच निवांत."

कंप्युटर त्याच्या हातचा मळ. त्यानं यंत्राला काम लावून दिलं. दिवसभर मी दारात उभा. एक अंक, दुसरा अंक, वर्षामागून वर्ष भराभर बाहेर चाललेलं. एवढं भरभर कुठलं माणूस वाचतं? मला कळत होतं, पण मला तोंड कुठं होतं!

कंपनीला वाटलं, दरोडा पडला. तिनं अख्ख्या कॉलेजाचंच दार बंद केलं.

सकाळी वाचनालयात ही गर्दी. कुणाची परीक्षा तोंडावर, कुणाचा अर्ज अडलेला. बाईंनी कंपनीला फोन लावला. पलीकडचा माणूस म्हणाला, "उतरवलंय ते पुसा. आणि ज्याचा त्याला पासवर्ड. हजेरीत नाव असेल त्यालाच. मग उघडतो."

गेलेली सगळी जर्नलं माश्यांची. बाईंना काय, नाव विचारावं लागलं नाही. त्यांनी सरळ ताईला फोन लावला.

"ताई, तू केलंस गं?"

"दादानं. माझ्यासाठीच केलं त्यानं."

"पुसावं लागेल."

"पुसते."

"आणि नवा पासवर्ड तुला देता यायचा नाही. एकेक लेख पाठवलाही असता, पण आता माझ्या प्रत्येक बटणावर त्यांचा डोळा आहे." बाईंचा आवाज खाली आला. "तू इथं येऊन बस ना. आत येऊन वाचणाऱ्याला कुणी अडवत नाही. खिडकीजवळची खुर्ची राखून ठेवते."

ताईनं बाबांकडे पाहिलं. "बघते," म्हणाली. माणूस असं "बघते" म्हणतं ना, तेव्हा त्याचं बघून झालेलं असतं.

भाऊ तोंड पाडून उभा. "एखादी बाई ठेवू या का बाबांसाठी?"

"तीन ठेवून झाल्या. परक्या हातचं पाणीसुद्धा घेत नाहीत ते."

"मग मी येतो. दर रविवारी येतो. मी बसेन बाबांपाशी, तू जा."

"रविवारी वाचनालय बंद असतं, दादा."

उतरवलेलं सगळं त्यानंच पुसलं, बहिणीकडे न बघता.

बाईंनी त्याच दुपारी मला बदललं. जन्म त्यांच्या हातचा, मरणही त्यांच्याच. कॉलेजाचं दार उघडलं. ज्याचा त्याला नवा पासवर्ड मिळाला, नि सोमवारी पुन्हा फोन सुरू झाले. सत्र संपलं. सर निवृत्त झाले. माश्यांचं प्रकरण राहिलं ते राहिलंच.

घरोघरचं माझं बिऱ्हाड आठवड्यात उठलं. नवा आला की जुन्याला कोण विचारतो? एक घर तेवढं उरलंय. बाबांचा डोळा लागला की ताई अजून मला टाइप करते. एकही अक्षर चुकत नाही तिचं. दार म्हणतं, चूक. ती पुन्हा एकेक अक्षर जपून टाइप करते, जसं काही तिचंच बोट घसरलं होतं.

बाई, तुम्ही नियमानं वागलात, तुम्हाला बोल नाही. एवढंच मागतो, की घरात अडकलेल्या माणसाचं नाव घालता येईल, अशीही एखादी हजेरी तुमच्याकडे असू द्या.

आणि ताई, तुझं काही चुकत नाही गं. मीच आता कुठल्या दाराचा राहिलो नाही. मला विसर. तू विसरलीस की मी पुरता गेलो, हे मला ठाऊक आहे. तरी विसर.