काचेला माया नसते

…सरळ धरली की नुसती काच. पण जरा तिरकी करून खिडकीकडे नेली की तिच्या पोटात रेघा दिसायला लागतात, इतक्या बारीक आणि इतक्या चिकटून की मोजायला गेलं तर डोळ्यांतून पाणी यावं — आणि हे आपल्याला दिसतंय, नवऱ्याला दिसत नाही, हे लक्षात आल्यावर तिने ती पट्टी गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ तिरकी धरून ठेवली.

"काय चाललंय? ठेव खाली. फडक्यावर ठेव."

तिने ठेवली. हातभर लांब, बोटभर रुंद काच. यंत्राला एवढी लांब नको होती, पण या मापाच्या खाली दुकानात नव्हती, आणि हीसुद्धा शेवटची, यापुढे येणार नाही म्हणून दुकानदाराने सांगितलं होतं. म्हणून ती कापायची. कापलेली काच अॅल्युमिनियमच्या लांबट कवचात बसवायची, कवच लोखंड तासायच्या मिलिंग मशीनच्या टेबलाला लावायचं, त्यातून एक हेड सरकणार, ते काचेवरच्या रेघा मोजून टेबल किती सरकलं ते सांगणार, आणि भिंतीवरच्या डबीत बोटाएवढे तांबडे आकडे उमटणार. तांबडे आणि बोटाएवढे, हे महत्त्वाचं. कारण वर्षभरापासून त्याच्या नजरेच्या मधोमध एक राखाडी डाग बसला होता. कडेचं दिसत राहील, डॉक्टर म्हणाले होते, मधलं परत येणार नाही. चाळीस वर्षं केसाच्या दहाव्या भागाचा हिशोब सांगणाऱ्या माणसाला आता मशीनच्या चाकावरच्या खुणा दिसत नव्हत्या. पण तो तांबडा आकडा त्याने दुकानात मान वाकडी करून, कडेने, वाचून पाहिला होता, आणि घरी येईपर्यंत मुलासारखा बडबडत होता. मशीन चालू राहणार होतं. मशीन चालू राहिलं तर तो राहणार होता. हे त्याने म्हटलं नाही. तिला ते न म्हणताच कळलं. त्याच्या बाबतीत तिला पुष्कळ गोष्टी न म्हणताच कळतात, आणि जी एक त्याने म्हटली होती तीच नेमकी कळायला एकोणीस वर्षं लागली.

कवच त्याने कालच कापलं, एकट्याने, नुसत्या बोटांनी चाचपून, आणि बिनचूक कापलं. लोखंडाला, अॅल्युमिनियमला बोटं पुरतात. काचेवर रेघ एकदाच ओढायची असते, आणि ती कुठे ओढायची ते बघायला डोळेच लागतात.

डोळे द्यायला त्याचा जुना दोस्त, कारखान्यातला फोरमन, तयार होता. सकाळी त्याचा फोन आला तेव्हा ती पुढच्या खोलीत एका शर्टाची बाही जोडत होती, आणि हा दारात उभा राहून मोठ्याने म्हणाला होता, "अरे, तू कशाला येतोस एवढ्या उन्हात? मायनस आहे ना घरात. धरेल ती." पलीकडून फोरमन काहीतरी म्हणाला असावा, कारण हा हसला. त्यात वाईट काही नव्हतं. दोघांचं जुनं आहे. वहिनी कशा आहेत असं फोरमन तिच्या तोंडावर विचारतो, आणि फोनवर विचारतो, मायनस काय म्हणते? जसं एखाद्याला बुटक्या म्हणतात, टकल्या म्हणतात… पुढे म्हणणाऱ्यालाही आठवत नाही की पहिल्यांदा का म्हटलं होतं.

तिला आठवतं.

तेव्हाही ती शिलाई मशीनवरच बसली होती. तिसऱ्यांदा पोट रिकामं होऊन आठवडा झाला होता, आता पुन्हा नको, झेपणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, आणि ती लगेच कामाला बसली होती, कारण शिवायला दिलेले कपडे कुणाच्या पोटासाठी थांबत नाहीत. तो फोरमनशी फोनवर बोलत होता. मशीनच्या खडखडाटात वाक्याची शेपटी तेवढी हाती लागली: "मायनसच आहे ती. आता काय करता येणार." पण तिचे कान शिवणकामाचे. दिवसभर तोंडात एकच शब्द — इथे माया कमी ठेवली, तिथे दोन बोटं माया सोड, माणूस उद्या जाड झाला तर उसवून वाढवता आलं पाहिजे. तिने ऐकलं: मायाच नसलेली आहे ती.

आणि तिला ते पटलं! हीच तर गंमत. तिसऱ्या वेळी ती रडली नव्हती. नणंद येऊन रडून गेली, शेजारीण रडली, तोही एकदा नाक शिंकरून आला, आणि ही कोरडी ठक्क. म्हणजे खरंच असेल, तिला वाटलं, म्हणूनच पोटात काही टिकत नसेल. महिन्याभरात घरामागच्या खोलीत, जी खोली कशासाठी बांधली होती ते दोघंही आता बोलत नव्हते, खिडकीची चौकट काढून मिलिंग मशीन आत आलं. आणि ती माया करायला लागली. त्याच्या आधी उठायची. त्याच्या कामाच्या शर्टांना कोपरावर आतून दुहेरी कापड लावायची. थंडीत त्याचे मोजे चुलीजवळ धरून ऊन करायची. तो तापाने पडला तेव्हा सात रात्री खुर्चीत बसून काढल्या. बघ, आहे, असं तिला दाखवायचं होतं… आणि त्याला वाटायचं, बाई हौशी आहे. एकदा म्हणालाही, "किती करतेस गं," आणि तेवढ्यावर तिने दोन वर्षं काढली.

मग एकोणिसाव्या वर्षी नळवाला आला. गळका नळ बदलायला आला होता आणि पाइप कापायच्या आधी चारदा मोजत होता, म्हणून याला तो आवडला. याने त्याला टूलरूमची शिकवणी दिली, भिंतीला टेकून, रंगात येऊन. माप प्लस राहिलं तर घाबरायचं नाही, घासून काढता येतं. मायनस झालं की संपलं. लोखंड कितीही चांगलं असो, वर भर घालता येत नाही. भंगारात टाकायचं. "मायनस म्हणजे भंगार, लक्षात ठेव." ती ट्रे घेऊन उभी होती. दोन कप, दोन बशा. एक थेंब सांडला नाही. तिने नळवाल्याला विचारलं, साखर पुरे आहे ना?

त्याला अकरा वर्षं झाली. तिने विषय काढला नाही. काढून काय म्हणणार होती, मी एकोणीस वर्षं चुकीचं ऐकत होते? लोक हसतील. मलाच हसू येतं, अजूनही, बाही जोडताना मध्येच.

"गुण्या कुठेय? इकडे दे. आता पट्टी लाव," तो म्हणाला. "डाव्या टोकाला टोक भिडव. भिडवलंस?"

तिने स्टीलची पट्टी काचेला लावली. त्याने बोटाने डावं टोक चाचपलं, काच आणि पट्टी एका पातळीत आहेत ना ते नखाने पाहिलं, आणि मान हलवली. तेवढं तो पाहू शकत होता. उजवीकडचे आकडे नाही.

"दोनशे चौऱ्याऐंशी. तिथे खूण कर. बारीक. पेन्सिलीला टोक आहे ना?"

"आहे."

दोनशे चौऱ्याऐंशी तिला स्वच्छ दिसत होतं. पेन्सिल तिथे टेकलीही होती. इथपर्यंत तिच्या मनात काही नव्हतं, हे मला अगदी नक्की सांगता येईल. होतं ते इतकंच की बाहेर कुणीतरी स्कूटरला लाथा मारत होतं आणि ती सुरू होत नव्हती. मग ती सुरू झाली. आणि तेवढ्या वेळात पेन्सिल डावीकडे आली, दोनशे ऐंशी, दोनशे पंचाहत्तर… दोनशे बहात्तरवर थांबली. बारा मिलिमीटर. बोटाच्या जाडीपेक्षाही कमी. पस्तीस वर्षांत तिने कुणाचं कापड सूतभरही आखूड कापलं नव्हतं. तिने खूण केली. बारीक केली.

"वाच," तो म्हणाला.

"दोनशे चौऱ्याऐंशी."

"नीट बघून वाच."

"अहो, बघूनच वाचतेय. दोनशे चौऱ्याऐंशी."

त्याने तो काटकोनी गुण्या तिच्याकडे देऊन लावायला सांगितला. तिने खुणेला लावून दाबून धरला. त्याने हिरकणी उचलली, काच कापायची, आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी गुण्याची कड शोधली. त्याची बोटं तिच्या बोटांवरून गेली. जाड, तेलकट, अजून अचूक. तिला वाटलं आपण आता बोलणार. ती बोललीही, पण वेगळंच.

"थोडी माया ठेवायची का?"

"काय?"

"माया हो. जरा जास्त ठेवून कापायची. बोटभर. मग लागेल तशी कमी करता येईल."

तिने विचारलं ते खरंच विचारलं होतं. तो हो म्हणाला असता तर तिने गुण्या बोटभर सरकवला असता, आणि कुणाला काही कळलं नसतं, तिलासुद्धा पुढे ते स्वप्नासारखं वाटलं असतं. पण तो हसला. फोनवर हसतो तसंच, नाकातून.

"काचेला माया नसते गं बाई. हे काय तुझं कापड आहे? बरोबर तेवढीच पाहिजे. धर घट्ट."

तिने घट्ट धरलं.

हिरकणी काचेवरून एकदाच गेली, तिचा आवाज दातांत शिरला. त्याने काच टेबलाच्या कडेवर आणली, रेघेखाली बारीक तार ठेवली, दोन अंगठे दोन बाजूंना, आणि दाबलं. दोरा दातांनी तोडावा तेवढाच आवाज झाला. कड सरळ आली, एक टवकाही न उडता. त्याने ती अंगठ्याच्या पोटाने तपासली, दोनदा, आणि त्याचा चेहरा… तो चेहरा तिने फार वर्षांत पाहिला नव्हता.

"हात स्थिर आहे तुझा," तो म्हणाला. "फोरमनने एवढं धरलं नसतं."

हे वाक्य तीस वर्षांपूर्वी आलं असतं तर? तिने उगाच मनाशी विचारून पाहिलं. अकरा वर्षांपूर्वीही चाललं असतं. आज सकाळीही चाललं असतं, फोनच्या आधी.

तो काच कवचात सरकवत होता. हळू, श्वास धरून, खोबणीतल्या रबराला जपत. डावीकडचं टोक अडलं. मग त्याने उजव्या तोंडातून करंगळी आत घातली. नखभर आत काच लागायला हवी होती. नख आत गेलं. मग नखामागचं मांस गेलं. करंगळी पहिल्या पेराशी थांबली.

त्याने काच काढली. फुंकर मारली. पुन्हा घातली, पुन्हा टोकाला भिडवली, पुन्हा करंगळी. तिसऱ्यांदा घातली तेव्हा करंगळी आतच ठेवून तो उभा राहिला. हेड टेबलाच्या टोकाला गेलं की काचेवरून उतरणार होतं, आणि परत येताना त्या सुरेख सरळ कडेवर आपटणार होतं. हे तिला त्यानेच काल समजावून सांगितलं होतं, का बरोबर तेवढीच पाहिजे ते.

"तू वाचलंस ते बरोबर होतं ना?"

असा प्रश्न त्याने तिला कधी विचारलाच नव्हता. दरडावून विचारलं असतं तर तिने कदाचित सांगून टाकलं असतं. पण त्याने विचारलं ते हळू, जणू उत्तर तिच्या मर्जीवर होतं.

"हो," ती म्हणाली.

"मग माझाच हात सरकला." तो स्टुलावर बसला. काच मांडीवर घेतली, फडक्यात, दोन्ही हातांनी. आखूड कड अंगठ्याने पुन्हा चाचपली. मग म्हणाला, "मायनस झालं."

आवाज फुटला होता. तिला आठवला तो फोनवरचा आवाज, त्या दिवशीचा. तो फुटला नव्हता. स्वच्छ होता, जरा कंटाळलेला, मशीनच्या खडखडाटातूनही ऐकू येईल असा. मी इतकी वर्षं शब्दावर रागावले होते. शब्दात काही नव्हतं. शब्द तोच आहे.

"फोरमनला सांगू नकोस," तो म्हणाला.

तिचा हात सवयीने उठला, त्याच्या पाठीवर ठेवायला. तीस वर्षांची सवय. अर्ध्यावर थांबला. कापड आखूड पडलं की शिवणीत बोट घालून आत चाचपतात, उसवून वाढवण्याइतकं काही उरलंय का, तसं तिने आत चाचपलं. आधी पुष्कळदा तिथे माया होती, ठेवलेली, भरपूर. हिनेच एक एक बोट सोडून ठेवली होती. आता बोट सरळ टाक्यावर जाऊन लागलं. त्याने जे म्हटलंच नव्हतं, तिनेच चुकून ऐकलं होतं आणि जे खोटं पाडण्यात जन्म गेला होता, ते असं उन्हाच्या वेळी, बसल्याजागी, खरं निघालं. दुःख व्हायला हवं होतं. तिला हलकं वाटलं, आणि भूक लागल्यासारखं झालं.

काचेचा उरलेला तुकडा टेबलावर होता. तिने उचलून तिरका केला. रेघा होत्या. यातल्या पहिल्या बारा मिलिमीटरमधल्या त्याच्या.

"इथेच आहेस ना?" त्याने विचारलं.

ती समोरच होती, हाताच्या अंतरावर. त्याने मान वळवून खिडकीकडे पाहिलं. हल्ली तिला पाहायचं असलं की तो असाच दुसरीकडे पाहतो, मग ती कडेने दिसते. तो पाहत राहिला, चेहरा नीट लागावा म्हणून मान थोडी थोडी सरकवत, आणि मी हलले नाही, त्याला दिसेन तेवढी दिसू दिलं.