कडूकंदाची कृती

साखरशेतच्या ममताने जव्हारच्या सायबर कॅफेत बसून पहिलीच कृती टाकली आणि ती गाजली. रानभाज्यांचा तो मंच. कुणी तिथे अळंबी ओळखायला शिकवी, कुणी शेवळाची खाज कशी घालवायची ते सांगे. दहावीतल्या ममताने कडूकंद लिहिला: चकत्या करा, राख घालून उकळा, धुवा, मीठ लावून खा. खाली वाहवाच वाहवा. पोरीचे पाय आठवडाभर जमिनीला लागेनात.

"काय मॅडम, आज कोण म्हणालं छान?" कॅफेवाल्या उमेशदादाने चिडवलं.

ममता हसतच वाचायला लागली आणि थांबली. मुळशीकडे नवी शेती घेतलेल्या कुणी वनमालाताईंनी आदल्या दिवशी लिहिलं होतं. 'तुमच्या कृतीने कंद केला. सासूबाईंनी जास्त खाल्ला. उलट्या थांबत नाहीत, दवाखान्यात नेतोय. काही लिहायचं राहिलं का?'

काय राहिलं? तिने मनातल्या मनात आईबरोबर पुन्हा कंद शिजवला. उकळल्यावर आई टोपली उचलून अंधार पडायच्या आत ओहळावर जाते. चकत्या रात्रभर वाहत्या पाण्यात राहतात, तेव्हा कुठे विष उतरतं. पाड्यावर हे कोण सांगणार? सगळ्यांच्या टोपल्या तिथेच असतात.

एकेक अक्षर शोधत ती लिहायला लागली. उमेशदादाने तिच्या मागून वाकून तो निरोप वाचला. अर्ध्यात वीज गेली.

"आता दिवेलागणीला येईल," उमेशदादा म्हणाला. "तुझी जीप त्याआधी सुटते."

"मी थांबते. आत्याकडे राहीन."

"अगं, तू काय त्या सासूबाईंना भरवायला गेली होतीस?"

ती काळ्या पडद्यासमोर बसून राहिली.

वीज आली तेव्हा वनमालाताईंचा नवा निरोप होता. 'सासूबाई सकाळी गेल्या.' एवढाच.

ममताने ओहळाचं सगळं लिहिलं, वर जुनी कृती खोडली. मग तिला दिसलं, लोकांनी ती केव्हाच उचलून दुसऱ्या मंचांवर नेली होती. तिथलं तिला खोडता येईना. ती एकेका ठिकाणी जाऊन खाली लिहीत सुटली, असं करू नका, रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवा.

"बंद करतो गं," उमेशदादा हळूच म्हणाला.

"एकच राहिलंय, दादा."

त्या एका ठिकाणी कृतीखाली कुणीतरी नुकतंच लिहिलं होतं, 'मस्त. कंद उकळत ठेवलाय.'