भैय्याजींचा लाडू आणि धुरपताबाईंचं द्राक्षासव

भैय्याजींचा मंडप सोमवारी उभा राहिला आणि मंगळवारी अर्धं हिंगणघाट तिकडे लोटलं. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी. म्हणजे दुकानं नाहीत, दारू आहे. त्यामुळे दारू सोडवणाऱ्या बाबाला इथे गिऱ्हाइकाची वाण पडत नाही.

आदल्या दिवशी त्यांच्या हातचा तिळाचा लाडू खाऊन गेलेल्या एका बेवड्याला भैय्याजींनी पुढे बोलावलं. "ले बेटा, पी ले."

बंदीच्या जिल्ह्यात पेला अगदी वेळेवर आला. गड्यानं दोन-चार घोट घेतले. घटकाभरात त्याचं तोंड लालबुंद झालं, छाती धडधडू लागली आणि तो खांबाला धरून भडाभडा ओकला.

"देख लो. देवी आत बसली हाय त्याच्या. दारूले उंबरठा ओलांडू देत नाई."

लोकांनी हात जोडले. गर्दीत पंचाहत्तरी ओलांडलेल्या धुरपताबाईही होत्या, सोबत मुलगा हरिदास. छप्पन साली बापाच्या खांद्यावर बसून त्या नागपूरला दीक्षेला गेल्या होत्या. परत आल्यावर बापानं घरातले देव टोपल्यात भरून वेणा नदीत सोडले, ते त्यांना लख्ख आठवत होतं. आज बाप असता तर त्यांनाच टोपल्यात बसवून वेणेवर घेऊन गेला असता.

पण करणार काय? हरिदासच्या यकृताला सूज होती. असाच पीत राहिला तर फार दिवस काढणार नाही, असं सरकारी दवाखान्यातल्या मेघा डॉक्टरांनी बजावलं होतं. दारू सोडणाऱ्यांच्या दोन सभा करून झाल्या होत्या. पहिलीत एका गृहस्थानं पडद्यावर सडक्या यकृतांची चित्रं लावून भाषण झोडलं, हरिदास घोरला. दुसरीच्या दारातून तो उलट पावली पळाला, कारण आत पहिल्याच खुर्चीवर त्याचे व्याही बसले होते.

"पोरीच्या सासऱ्यापुढं कबूल करू काय का मी पेतो?"

"अरे, तेबी पेतात म्हणूनच तिथं बसले ना."

"मंग तं अजूनच नाई."

म्हणून हा लाडू; मंडपात दोघांनाही एकेक मिळाला. घरी आल्यावर हरिदासनं तो ताटलीत तसाच ठेवला. धुरपताबाईंनी आपला उचलला. "पाय, मी खाल्ला. झालं काई मले?"

झालं ते दुसऱ्या दिवशी. वांग्याची भाजी जड गेली, म्हणून त्यांनी पचनाचं द्राक्षासव घेतलं. दोन टोपणं घ्यायचं. पण गोड लागतं म्हणून त्यांचा हात जरा सैल असे. थोड्या वेळात तोंड लाल, छातीत धडधड, आणि ओट्यावर ओकारी.

शेजारची रुख्माबाई धावली, पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. "धुरपते, तू कवापासून वं?"

हरिदासला आधी हसू फुटलं. मग आई ओट्याला टेकून खाली बसली आणि त्यानं शुद्धीत, न पिता, ऑटो बोलावला. मंडपातल्या बेवड्याचंही अस्संच झालं होतं, म्हणून ताटलीतला आपला लाडू सोबत घेतला.

मेघा डॉक्टरांनी आधी त्यांची धडधड शांत केली आणि मग द्राक्षासवाची बाटली मागवून पाहिली. "आजी, आसव आंबवून करतात. त्यात थोडी दारू आपोआप तयार होते."

"म्हणजे मी रोज पेत होती?"

"दोन-तीन टोपणं. एवढ्यानं एरवी काही होत नाही. पण हे काय?" त्यांनी लाडू फोडला. तिळांत पांढरी भुकटी होती. तपासणीत कळलं, ती दारू सोडवायच्या गोळीचीच होती. "ही पोटात असली की दारू पुरती पचत नाही, मधलं विष रक्तात साचतं. ती तुमची देवी. आम्हीही देतो ही गोळी, पण सांगून आणि यकृत तपासून. हरिदासभाऊ, हा लाडू खाऊन तुम्ही बाटलीभर प्याला असतात, तर ओकायलाही उरला नसतात."

पुढच्या मंगळवारी धुरपताबाई मंडपात हजर. "भैय्याजी, म्या लाडू खाल्ला, देवी माह्याही आत बसली. पण मी तं दारू पेत नाई, मंग तिनं मले काऊन हाणलं?"

"माताजी, पाप होगा पिछले जनम का."

"आता एक लाडू तुमी खा. उद्या म्या द्राक्षासव घेऊन येतो."

"आज हमारा उपवास है."

"मंग उद्या खा, परवा येतो."

"कल भी है."

लोक हसायला लागले. तिथल्या तिथे धुरपताबाईंनी भुकटीची गोष्ट सांगितली. परवाचा दिवस उजाडेपर्यंत मंडपही नव्हता आणि भैय्याजीही. दवाखान्यानं केलेली तक्रार मात्र पोलिसांत गेली होती.

मेघा डॉक्टरांनी आणखी एक सभा सुचवली, वर्ध्याला नालवाडीत. त्या दिवशी घरच्यांनाही मुभा होती. पडदा नव्हता, व्यासपीठ नव्हतं. हिरालाल नावाचा शेतकरी उठला. "म्या दारूचा पव्वा कापसाच्या गंजीत लपवला. बायकोनं कापूस गाडीत भरून सरकी काढाले जिनिंगले धाडला. कापसामागं कोणी पळत नाई एवढा म्या पव्व्यामागं पळालो."

हरिदास मोठ्यानं हसला. मग उभा राहिला. "मी हरिदास. मी बी दारुडा हाय. माहा पव्वा ढोराईच्या कुटाराच्या ढिगात असते."

मायबापहो, ज्याच्या नावानं देवी बोलते, त्याच्या लाडवात काय आहे ते आधी विचारा. दारूचं वेड हा आजार आहे. त्याला उघड्या डोळ्यांनी घेतलेलं औषध लागतं आणि आपल्यासारखीच लाज भोगलेली चार माणसं. पहिली सभा जमली नाही तर दुसरी पाहा, तिसरी पाहा. एक चप्पल पायाला बसली नाही म्हणून कोणी जन्मभर अनवाणी चालत नाही.