एक डेल, अंड्यासकट

"एक डेल, अंड्यासकट!"

माझं नाव लॉयड पेनिक. शेतीच्या पंपांचे सुटे भाग विकतो. मी अमरिलोला चाललो होतो, माझ्या मुलीकडे. मार्ला तिचं नाव. कित्येक वर्षांत आम्ही भेटलो नव्हतो. फोनवर ती म्हणाली होती, "चारला या. तासभर बसू. मग मला कामावर जायचंय." एक तास. त्यासाठी मी नवा शर्ट घेतला होता.

हॅरॉड गावात भूक लागली. धान्याची उंच कोठारं, एक सिग्नल आणि वेल्डाचं बर्गरचं दुकान, एवढंच गाव. गाडीच्या काचा बंद होत्या, तरी तव्यावरच्या कांद्याचा वास मला सिग्नलवरच लागला.

ऐन दुपार होती. आत लांब काउंटर, पाय जमिनीत घट्ट रोवलेली गोल स्टुलं, समोर तवा. जवळजवळ सगळी स्टुलं भरलेली. दाराशी चार-पाच माणसं टोप्या हातात घेऊन ताटकळत उभी होती. आणि तरी भिंतीकडची दोन स्टुलं रिकामी. कुणी बसत नव्हतं. मी उभ्या माणसांकडे पाहिलं, तर त्यांनी सरकून मला वाट करून दिली.

मी बसलो. वेल्डाची माझ्याकडे पाठ होती, ती कॉफी ओतत होती. न वळताच म्हणाली, "नेहमीचंच ना?"

मी महिन्यातले बरेच दिवस अशाच दुकानांत जेवतो. काय घेणार, असं सगळे विचारतात. पुढे काय, असंही विचारतात. नेहमीचंच ना, असं मला आजवर कुणीही विचारलं नव्हतं. दमून स्टेशनावर उतरावं आणि कुणीतरी हातातली बॅग काढून घ्यावी, तसं वाटलं. बाईची चूक झालीय हे मला कळत होतं. पण चारचौघांत तिला ओशाळं कशाला करा?

"हो," मी म्हणालो.

"एक डेल, अंड्यासकट!" ती तव्याकडे ओरडली.

बक नावाचा आचारी होता. त्यानं मान हलवली, पण नवीन काही टाकलं नाही. कारण ते तव्यावर होतंच. खिम्याचा गोळा, वर मूठभर केसासारखा चिरलेला कांदा, उलथन्यानं दाबून दाबून असा चपटा केलेला की कडा जाळीसारख्या कुरकुरीत. कांद्यावर उपडा पाव, वाफ पितोय. शेजारी अंडं, पांढरं पार घट्ट झालेलं. मी मनातल्या मनात हिशेब केला. ते अंडं फोडलं तेव्हा मी सिग्नलवर होतो.

"काय डेल, बसवलास का पट्टा कापणीच्या कंबाईनचा?" शेजारच्या जाड्या माणसानं विचारलं.

"बसवला," मी म्हणालो. गंमत म्हणून.

"खोटारडा लेकाचा! तुझी अर्लीन तर म्हणाली, तसाच लोळतोय शेडमधे."

सगळे हसले. मीही हसलो. आणि पहिला घास घेतला.

त्या घासाबद्दल काय सांगू? मी बर्गरवर कधी अंडं खाल्लेलं नव्हतं. पण जिभेला सगळं माहीत होतं. पिवळं कुठून ओघळणार आणि मनगट कसं वळवायचं, हे हातालाही माहीत होतं.

"दोन हॉस्किन्स, एक मिसेस टटल, एक डेल!"

माझं नाव लॉयड. मुलीकडे जायचं होतं, ते राहिलं.

म्हणजे मी निघालो होतो. पण हॉस्किन्स, तोच जाड्या, म्हणाला, "डेल, जाता जाता हे बियाण्याचं पोतं माझ्या शेडवर टाक ना." नाही म्हणायला कारण सापडेना. बाहेर माझ्या गाडीशेजारी एक जुना पिकअप उभा होता. माझा हात त्याच्या दाराकडे गेला. किल्ली आतच होती.

मग संध्याकाळ झाली. मग दुसरी दुपार, मग तिसरी.

इथं पदार्थांची नावं घेत नाहीत, माणसांची घेतात. हॉस्किन्स म्हणजे डबल, मस्टर्ड जास्त. मिसेस टटल म्हणजे पाव काळा होईतो भाजलेला, लोणचं बाजूला. ती 'मिसेस टटल' खाणारी पोरगी विशीतली होती, गालांवर अजून पुटकुळ्या. काउंटरला धरून ती हळूहळू स्टुलावर चढली. "गुडघ्यांनी अगदी जीव घेतला बघ वेल्डा," ती म्हणाली. "आता काही मी पुढची थंडी काढत नाही."

"दर वर्षी हेच म्हणता तुम्ही, मिसेस टटल," वेल्डा म्हणाली.

पोरगी म्हातारीसारखी खुदकन हसली.

मी उठलो. दाराजवळच्या फोनवरून मार्लाला सांगायचं होतं, मी येतोय, उशीर झाला पण येतोय. आकडे फिरवायला लागलो आणि शेवटचे दोन आठवेनात. काउंटरमागून वेल्डा म्हणाली, "कुणाला रे?"

"मुलीला."

"पेगीला? मग तिला सांग, बाई, तुझा बर्गर रोज तव्यावर वाया जातोय."

तेव्हा मी नीट पाहिलं. माझ्या बर्गरशेजारी बक आणखी एक टाकायचा. छोटा, दुप्पट चीजचा. तो तयार व्हायचा, थांबायचा, कडांनी काळा पडायचा. मग बक तो खरवडून डब्यात टाकायचा. माझ्या शेजारचं स्टूल त्या सगळ्या वेळात रिकामं असायचं.

"अर्लीन घरीच खाईल, बांधून दे!"

माझं नाव ल...

अर्लीन डेलची बायको. व्हरांड्यात बसून ती पँटची खालची दुमड उसवत होती.

"तू आधीच्यापेक्षा उंच आहेस," ती म्हणाली.

"अर्लीन, मी तुझा नवरा नाही."

"माहितेय की मला." तिनं दातांनी दोरा तोडला. "आधीचाही नव्हता. त्याच्या आधीचाही. त्या मेल्याला तर अंडंच आवडायचं नाही, किती शिकवावं लागलं. घालून बघ."

मी घातली. बरोबर बसली.

"खरा डेल कुठाय?"

"तो गेला रे केव्हाच. काउंटरवरच गेला, घास तोंडात. दुसऱ्या दुपारी सगळे मान खाली घालून खात होते, आणि बकच्या हातानं तव्यावर एक डेल टाकला. सवयीनं. आता बर्गर पडला म्हटल्यावर माणूस यायला नको का?" तिनं माझ्या कमरेला हात लावून शिवण पाहिली. "थोड्या वेळानं दार उघडलं. टायर विकणारा होता कुणीतरी. वेल्डानं विचारलं. तो हो म्हणाला."

"आणि पेगी?"

तिचा हात थांबला. "पेगी बसनं निघून गेली. तिच्या स्टुलावर अजून कुणी बसलं नाही. येईल कुणीतरी."

अंगणात ऊन लख्ख होतं. कपड्यांच्या दोरीवर माझा नवा शर्ट वाळत होता. तो तिथे दुसऱ्या कुणाचा तरी वाटत होता.

"मी जाऊ शकतो?" मी विचारलं.

"आता दाराला काय कुलूप लावलंय? उद्या वेल्डा विचारेल, तेव्हा नाही म्हण. झालं. तेवढंच तर आहे."

तेवढंच होतं. रात्रभर मी तो शब्द घोकला. दुपारी स्टुलावर बसलो. तव्यावर कांदा चरचरला, पावाची वाफ चेहऱ्यावर आली. हॉस्किन्सनं पाठीत धपाटा घातला. उद्या गेलं तर काय बिघडेल, असं मनात आलं. वेल्डानं विचारलं.

"एक डेल!"

हो.

"एक डेल!"

हो.

"डेल! अरे लक्ष कुठाय तुझं? नेहमीचंच ना?"

हो. हो म्हटलं ना.

"एक डेल, एक पेगी!"

माझं नाव डेल. पट्टा बसवला. खरंच बसवला, हॉस्किन्स बघून गेला. मधे एक नाव मात्र मी जिभेखाली धरून ठेवलं होतं, लोणच्याचा तुकडा धरावा तसं. मार्ला. ते कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून मी कमी बोलायचो.

आज दुपारी ती आली.

मी तिला काचेतून पाहिलं. माझ्या जुन्या गाडीशी ती उभी होती. धुळीनं गाडीचा रंग कळत नव्हता. तिनं बोटानं नंबर पुसून पाहिला. मग आत आली. उंच, दमलेली, डोळे लाल. दाराशी ताटकळणारी माणसं बाजूला झाली. रिकामं स्टूल एकच होतं. ती माझ्याशेजारी बसली. माझ्याकडे अजून पाहिलंही नव्हतं तिनं.

वेल्डाची तिच्याकडे पाठ होती. "नेहमीचंच ना, पेगी?"

ती चपापली. आणि मग हसली, कसनुसं, ओशाळं. त्या हसण्याचा अर्थ मला माहीत होता. बिचारीची चूक झालीय, कशाला बोला. तिनं तोंड उघडलं आणि तेवढ्यात तिची नजर माझ्यावर पडली.

"बाबा?"

सगळं दुकान खुशीनं हललं. "आली गं बाई!" मिसेस टटल म्हणाली. हॉस्किन्सनं काउंटरवर थाप मारली. "अरे, केवढी झाली ही डेलची पोर! ओळखलंस का मला? तुझे दात पडले होते तेव्हा तुला..."

"तुमची गाडी बाहेर..." ती माझ्याशीच बोलत होती. "मी किती ठिकाणी फोन केले. वाटलं, या वेळीही तुमचं मन बदललं. मग वाटलं, कुठे अपघात झाला असेल. तुम्ही ठीक आहात ना?"

"त्याला काय धाड भरलीय?" वेल्डा वळली. "आधी खाऊन घे गं. तोंड बघ किती सुकलंय. नेहमीचंच ना?"

तव्यावर छोटा बर्गर चरचरत होता. चीज वितळून कडांवरून खाली उतरत होतं. मार्लानं श्वास आत घेतला. "वास काय छान येतोय," ती म्हणाली. "मी सकाळपासून काहीच..."

मला काय हवं होतं ते लपवण्यात अर्थ नाही. बाहेर माझा एक तास होता, तोही हुकलेला. इथं प्रत्येक दुपार होती. तिनं फक्त मान हलवायची, की ती रोज माझ्याशेजारी बसणार. मस्टर्डची बाटली माझ्याकडे सरकवणार. अर्लीन तिची खोली झाडून ठेवणार. ती अमरिलो विसरणार, तिथलं जे काही तिचं असेल ते विसरणार, आणि मला बाबा म्हणणार. शब्दसुद्धा बदलायला नको.

"नेहमीचं म्हणजे?" मार्लानं विचारलं. अजून हसतच होती.

मी 'पळ' म्हणालो असतो तर लोक हसले असते. डेल, काय चेष्टा करतोस पोरीची, म्हणाले असते. लॉयड पेनिकचं इथं कोण ऐकणार होतं? डेलचं ऐकलं असतं.

म्हणून मी डेलच्या आवाजात बोललो. "ही पेगी नाही."

बकचं उलथनं थांबलं.

"असं काय करतोस," वेल्डा म्हणाली. "नीट बघ की."

"माझी पोर मला कळत नाही होय? पेगीच्या हनुवटीवर खूण आहे. हिच्या कुठाय?"

खुणेचं मला कुणी सांगितलं नव्हतं. पण म्हणताक्षणी मला दिसलं. आमचा पिवळा कुत्रा, रस्टी. पायरीवर सांडलेलं दूध. तो तिला चावला आणि मी तिला उचलून पिकअपकडे पळालो, तिचं रक्त माझ्या बाहीवर. केवढी रडत होती माझी पेगी! हे सगळं आत यायला जागा लागत होती. काहीतरी बाहेर जात होतं.

"बाबा," ती बाई म्हणाली. तिचा आवाज लहान पोरीचा झाला होता. "अरे, मी मार्ला. तुझी मार्ला."

"बाई, तुमचा काहीतरी गोंधळ झालाय," मी म्हणालो. "मी तुम्हाला ओळखत नाही. इथं कुणीच तुम्हाला ओळखत नाही. काही हवं असेल तर पुढच्या गावात बघा."

मग तिनं पर्स उचलली. स्टूल तिच्यामागे अर्धं फिरलं. दार उघडलं, ऊन आत आलं, दार मिटलं. बाहेर ती त्या धुळकट गाडीला टेकून उभी राहिली, दोन्ही हातांनी तोंड झाकून. मी मनात म्हणत होतो, जा, जा, गाडीत बस आणि जा. ती गेली. छातीवरचं केवढं तरी ओझं उतरलं.

"कोण होती रे?" हॉस्किन्सनं विचारलं.

मी आठवून पाहिलं. जिभेखाली काही नव्हतं.

"कुणास ठाऊक. कुणाला तरी शोधत होती बिचारी."

"रडत गेली."

"हो ना. वाईट वाटतं असं पाहिलं की."

वेल्डानं माझ्या कपात कॉफी घातली. छोट्या बर्गरच्या कडा काळ्या व्हायला लागल्या होत्या. बकनं उलथनं त्याच्याखाली सरकवलं, डबा जवळ ओढला आणि माझ्याकडे पाहिलं.

"राहू दे अजून जरा," मी म्हणालो. "येईल ती."